चाळिशीनंतर बाधलेली सुकट

आमच्या जांब समर्थ गावापासून समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. तरी बाजारच्या दिवशी सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, घरी येतेच. तिची चटणी मी लहानपणापासून भाकरीवर खात आलो. चाळिशी उलटल्यावर त्याच चटणीने ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. घरच्यांनी पित्त समजून माझ्या अंगावर घोंगडी घातली. आई म्हणाली, "जल्मभर खाल्लंस, आताच कसं बाधंल?"

बाधतं. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळदा मोठेपणीच सुरू होते. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं, म्हणून वाळलेली सुकटही सुटत नाही. झुरळात आणि धुळीतल्या किड्यांतही त्याचे भाऊबंद असतात! रोहू-कटल्याची अ‍ॅलर्जी सहसा निराळ्या प्रथिनामुळे होते. पण मासे चालतील की नाही, तो निकाल डॉक्टरांनी द्यावा, शेजाऱ्याने नाही.

२०२०च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर कोळंबीवर्गीय घटक जाहीर करावा लागतो. बाजारातल्या गोणीला कुठलं आलंय लेबल? पण माझं भांडण गोणीशी नाही, औषधाबद्दल आहे. घसा आवळून धाप लागली की पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत, लगेच. अ‍ॅलर्जीची गोळी तिथे पुरत नाही. हे इंजेक्शन जुनं आहे, महागही नाही. सर्पदंशावरच्या प्रतिविषाबद्दल गावं जशी जागरूकपणे विचारतात, तशी याबद्दल का विचारत नाहीत? येत्या ग्रामसभेत मी विचारणार आहे: रात्री बारा वाजता ते कुठे मिळेल आणि टोचणार कोण?