पालकसभा गुरुवारी घ्या!



"झोपडपट्टीतल्या पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही." हे वाक्य तुम्ही ऐकलंय. शाळेत ऐकलंय, पेपरात वाचलंय, आपल्यातूनच शिकून फ्लॅटमध्ये गेलेल्या साहेबांच्या तोंडूनही ऐकलंय. मी हे वाक्य जाहीरपणे खोटं म्हणतो. माझा पुरावा म्हंजे माझ्या मायचा अंगठा.

मी डॉकवर हमाली करतो. समुद्राच्या डॉकवर नव्हे, चाकणच्या एका गोदामाच्या. इथं जहाज लागत नाही, कंटेनर लागतो. शिक्षण दहावी पास. कविता करतो, तो गुन्हा वेगळा. परवा भाच्याच्या दाखल्यासाठी शाळेत गेलो. मीही तिथंच शिकलो. शिपाई दाखला शोधत होता, मी टेबलावरची जुनी रजिस्टरं चाळत होतो. 2012 सालचं शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त हाती लागलं. विषय चार, ठराव चार, सगळे सर्वानुमते मंजूर. खाली सह्या. सह्यांमध्ये एक निळा अंगठा. त्यापुढं नाव मायचं.

घरी येऊन विचारलं, "माय, तू शाळेच्या समितीवर होतीस?"

"कसली समिती? बाई म्हनल्या इथं अंगठा दे, दिला. खिचडीचं काय तरी असंल म्हनलं. मला कामावर जायचं होतं."

माय तेव्हा प्राधिकरणातल्या चार बंगल्यांची धुणीभांडी करायची. शाळेत पैसा कुठं मुरला, संडासाला पाणी का नाही, गणिताला मास्तर का नाही, हे विचारायचा कायदेशीर हक्क तिला होता. ते तिला कुणी सांगितलं नाही. अंगठा तेवढा घेतला. एकलव्याला निदान माहीत तरी होतं, आपण काय देतोय ते!

आता कायदा काय म्हणतो ते बघा. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याचं कलम 21 वाचा. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत समिती पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक, म्हंजे रुपयातले बारा आणे आपले. निम्म्या बाया. वंचित आणि दुर्बळ घटकांतल्या मुलांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, विकासाचा आराखडा करायचा, आलेलं अनुदान कसं खर्चलं ते तपासायचं. कागदावर एवढं राज्य आपलं आहे. मग हे राज्य गेलं कुठं?

ते गेलं सभेच्या वेळेत. निरोप येतो, "सोमवारी अकरा वाजता पालकसभा." सोमवारी अकरा वाजता बाप भोसरीत प्रेसवर असतो, आई बंगल्यात भांड्यांवर. सभेला जायचं तर खाडा. खाडा म्हंजे रोज बुडाला. दोन खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो.

राजर्षी शाहूंनी 1917 साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आज उलटं झालंय. शाळेत जाणाऱ्या पालकालाच दंड पडतो, एका दिवसाच्या मजुरीचा. वर त्यालाच म्हणायचं, आस्था नाही!

आणि या पट्ट्यात तर उपाय कॅलेंडरवरच टांगलेला आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गुरुवारी बाप घरी आणि शाळा उघडी. मग पालकसभा गुरुवारी का नाही? याला पैसा लागत नाही, मंत्री लागत नाही. लागतो तो फक्त एक विचार, की पालक कामगार आहे. श्रीमंत म्हणून मिरवणाऱ्या महापालिकेला एवढं परवडावं.

ज्यांना गुरुवारही मिळत नाही, त्या धुणीभांडीवाल्या, कचरा वेचणाऱ्या, रोजंदारीवाल्या बायांसाठी शाळेनं वस्तीत यावं. रात्री आठला, विहारात, समाजमंदिरात, चाळीच्या ओट्यावर. जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनला हेच बजावलं होतं. प्राथमिक शाळांचे शिक्षक कष्टकऱ्यांमधून घ्या, म्हंजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. दीडशे वर्षं होत आली.

सगळे गुरुजी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दारोदार फिरून गळकी पोरं परत आणणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यांच्याही मानेवर निवडणूक, जनगणना आणि रोजची माहिती भरायची कटकट आहे. म्हणूनच त्यांना सोबती पाहिजेत. ते सोबती आपण.

आता आपल्याच कानफटात मारून घेऊ. चौदा एप्रिलला आपण पिंपरी चौक दणाणून सोडतो. वर्गणी काढतो, स्पीकर लावतो. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांतला पहिला शब्द शिका. त्या शब्दाचा हिशोब जिथं होतो त्या सभेला आपल्यातला कोण जातो? मीसुद्धा गेलो नव्हतो. तेरा वर्षं मायचा अंगठा रजिस्टरात पडून होता.

तेव्हा करायचं ते एवढंच. आपल्या वस्तीतल्या शाळेची समिती कोण, ते विचारा. नावं दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला लावा. सभा गुरुवारी घ्या, असा अर्ज पन्नास पालकांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या. इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय एकाही मायनं अंगठा द्यायचा नाही, कोऱ्या पानावर तर मुळीच नाही. ज्याला वाचता येतं त्यानं शेजारी बसून वाचून दाखवायचं. वस्तीत मराठवाड्याचे आहेत, विदर्भाचे आहेत, बिहार-यूपीचेही आहेत. सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं. आणि मायला बसायला खुर्ची पाहिजे. दाराशी उभं राहून बोलणं बंद.

येत्या गुरुवारी मी भाच्याच्या शाळेत जातोय. सोबत माय आहे. ती म्हणाली, "मी काय बोलू तिथं?"

म्हटलं, "माय, तू फक्त विचार, माझा अंगठा कशासाठी घेतला होता?"