आजारपणाचा उलटा कर

प्राप्तिकराचे एक तत्त्व सर्वमान्य आहे: ज्याची मिळकत अधिक, त्याने भार अधिक उचलावा. आजारपणाची वसुली मात्र नेमकी याच्या उलट चालते. मधुमेह वा रक्तदाबावरील औषधांस दरमहा हजार रुपये लागतात असे धरले, तर लाखाच्या प्राप्तीतून शंभरावा हिस्सा जातो. दहा हजारांवर संसार रेटणाऱ्याचा दशांश जातो. तोही एकदाच नव्हे, जन्मभर.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्हच होय. परंतु सरासरीच्या पोटात विषमता दडून राहते. शिवाय पैशांअभावी ज्याने गोळ्या मध्येच सोडल्या, त्याचाही खर्च कमीच दिसतो. न घेतलेल्या उपचाराची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना यांनी शस्त्रक्रियांसारख्या मोठ्या उपचारांचा बोजा पुष्कळांच्या माथ्यावरून उतरविला. तथापि त्यांचा रोख मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांवर आहे. दवाखान्याच्या फेऱ्या, तपासण्या, दरमहाच्या गोळ्या हा किरकोळ भासणारा खर्चच संसार आतून पोखरतो.

यावरील उपाय अपरिचित नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारले. राजस्थानने २०११ मध्ये सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. आता कसोटी एकच: तेथे गेलेल्या मजुराच्या हाती गोळ्या पडतात, की बाहेरच्या दुकानासाठी चिठ्ठी?

वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळणाऱ्या पगारदारांनी हा प्रश्न परका मानू नये. शेजारी रोजंदारीवर राबणाऱ्यास ती सवलत नसते. प्रत्येक आरोग्य केंद्राने औषधांचा शिल्लक साठा दर महिन्यास दर्शनी फलकावर लावावा, एवढी मागणी तरी सुशिक्षितांनी लावून धरावी. उपचार निःशुल्क असल्याची घोषणा सोपी असते; औषधांचे कपाट भरलेले राखणे, हेच राज्यकर्त्यांचे खरे कर्तव्य होय.