मुंबईची सहल, तीही बसच्या खिडकीतूनच?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून मुंबईला सहल निघाली की सगळं ठरलेलं असतं. गेटवे, राणीची बाग, चौपाटी, आणि सगळा प्रवास आपल्याच बसमधून. मुलं मुंबई बघतात, पण मुंबईत फिरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की सहलीत एकदा तरी मुलांना लोकलमध्ये बसवा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, भारतातली पहिली प्रवासी गाडी धावली. आपलं मलकापूर, शेगाव त्याच मार्गाला पुढं जोडलेलं आहे. मग हा धडा त्याच रुळांवर का शिकवू नये?

तिकीट मुलांनीच मागावं, सुटे पैसे मोजून घ्यावेत. गाडी कुठं जाणार, किती वाजता, स्लो की फास्ट, हे इंडिकेटरवर वाचावं. दादरला उतरून वडापाव खावा आणि दहा जणांचा हिशेब वहीत मांडावा. वाचन, गणित, परिसर अभ्यास, सगळं आलं की यात!

पालकांना गर्दीची भीती वाटते, आणि ती खरीच आहे. म्हणून सकाळ-संध्याकाळ नकोच. दुपारची स्लो लोकल निवडा, दहा मुलांमागे एक शिक्षक ठेवा, दारात उभं राहायचं नाही हे आधी वर्गातच शिकवा.

हीच मुलं उद्या शिक्षणाला, नोकरीला एकटी मुंबईत उतरणार आहेत. तेव्हा फलक वाचून बरोबर गाडीत चढता यावं, एवढं तरी सहलीनं त्यांना द्यायला हवं.