अडकलेली पिन आणि जयणा

दसऱ्याच्या दिवशी दुकानाच्या पिकअपला झेंडूचा हार चढतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, श्रीफळ वाढवले जाते. परंतु चाकाच्या आत डोकावून पाहण्याची आठवण क्वचितच कोणाला होते. दहा-बारा वर्षे धान्याची पोती आणि तेलाचे डबे वाहणाऱ्या गाडीची खरी परीक्षा तेथेच, बोटाएवढ्या दोन पिनांवर चालू असते.

बहुतेक पिकअपच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक असतो. फिरणाऱ्या तबकडीला दोन पॅड चिमटीत धरतात. ही चिमटी म्हणजे कॅलिपर. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूस असतो. तो आतील पॅड तबकडीवर दाबतो, आणि त्याच दाबाने सारा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरील पॅडही ओढून आणतो. पिन मोकळी असेल, तरच दोन्ही पॅड सारखे काम करतात.

पिनेवरील रबरी बूट फाटला की पाणी व धूळ आत शिरते, ग्रीस सुकते आणि गंज धरतो. मग एक पॅड झिजून पत्र्याला लागतो, दुसरा जवळपास नवाच राहतो. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढते, एखादे चाक दुसऱ्याहून अधिक तापते. चालक हे सांगतो, गल्ल्यावरून उत्तर येते, "आजची फेरी होऊ दे, मग पाहू." प्रमादाने झालेल्या प्राणघातालाच तत्त्वार्थसूत्र हिंसा म्हणते. घाटाच्या उतारावर या प्रमादाची किंमत मोजणारा गल्ल्यावर बसलेला नसतो.

अडकलेली पिन दिसली की पहिला मोह हातोड्याचा होतो. घावाने पिन वाकते, प्रसंगी ब्रॅकेटही तुटतो. जाणता मिस्त्री आधी सपाट जागा पाहतो, मागील चाकांना ठोकळे लावतो आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवतो. बोल्ट काढून कॅलिपर तो तारेने टांगतो. ब्रेकच्या नळीवर त्याचे वजन पडू देत नाही. मग ब्रॅकेट उतरवून व्हाइसमध्ये धरतो, फाटका बूट काढतो, पिनेच्या कडेने गंज सोडवणारे तेल सोडतो आणि थांबतो. हे थांबणे कामाचाच भाग आहे. तेल मुरल्यावर तो पिन सरळ ओढत नाही. पान्याने थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे फिरवतो. एकदा फिरू लागलेली पिन फिरवत फिरवतच बाहेर येते. नाहीच सुटली, तर तेल पुसून उतरवलेल्या ब्रॅकेटला बेताची उष्णता दिली जाते. जोडलेल्या कॅलिपरजवळ मात्र ज्योत कधीही नेत नाहीत. एवढे करूनही पिन हलली नाही, तर ब्रॅकेट बदलणे हाच शहाणपणाचा व्यवहार.

पिन निघाल्यावर भोक गोल ब्रशने स्वच्छ करावे, खड्डे पडलेली पिन टाकून द्यावी आणि बूट नवे घालावेत. ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीसच पातळ लावावे. चाकांच्या बेअरिंगचे साधे ग्रीस रबर फुगवते आणि पिन पुन्हा अडकते. पुष्कळ गाड्यांत वरची व खालची पिन वेगळी असते, म्हणून प्रत्येक आपल्याच जागी बसवावी. पॅडला आणि तबकडीला ग्रीसचा डागही लागू नये. बोल्ट निर्मात्याने दिलेल्या मापानेच आवळावेत. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, आणि दुसऱ्या बाजूचे चाकही त्याच दिवशी पाहावे.

बैलाच्या पाठीवर शक्तीपलीकडे भार लादणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार मानला गेला. त्याचे नाव अतिभारारोपण. बैल गेला, पिकअप आली, म्हणून व्रत सुटले नाही. भार आता यंत्र वाहते. पण ते यंत्र चालवणारा जीवच असतो, आणि रस्त्यावर त्याच्यासमोर येणारेही जीवच असतात. संवत्सरीला चालकासमोर हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हणण्यापूर्वी त्याच्या गाडीचे चाक एकदा उघडून पाहिलेले असावे. क्षमा चुकीनंतर मागितली जाते. जयणा चुकीच्या आधी पाळायची असते.