अकराव्या घराची किल्ली

पावसाळ्यात लादीपाव दोन-तीन दिवस विसरून राहिला, की त्यावर काय दिसतं? आधी कापसासारखी पांढरी जाळी, मग तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. आई नाक मुरडून तो पाव केराच्या डब्यात टाकते, आणि ते योग्यच आहे. या बुरशीचं नाव रायझोपस. पण या रायझोपसला बड्या बड्या रसायनशास्त्रज्ञांनीही एकदा सलाम ठोकला होता!

गोष्ट सुरू होते १९४८ साली, अमेरिकेतल्या रोचेस्टर गावी. मेयो क्लिनिकमधले डॉक्टर फिलिप हेंच यांच्याकडे एक २९ वर्षांची बाई होती. संधिवातानं तिचे सांधे इतके आखडले होते, की चालणंही मुश्कील. हेंच यांनी तिला एक नवं औषध टोचलं. आठवडाभरातच ती बाई चक्क बाजारात खरेदीला गेली! ते औषध म्हणजे कॉर्टिसोन. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांच्यात तयार होणारं हे एक स्टेरॉईड. एडवर्ड केंडल, टाडेउश राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळालं ते याच कामासाठी.

मग काय, जगभरचे संधिवाताचे रुग्ण आशेनं बघू लागले. पण औषध होतं कुठे? ते जनावरांच्या पित्तातल्या एका आम्लापासून बनवायचे. त्याला तीसहून जास्त पायऱ्या! प्रत्येक पायरीला थोडा माल वाया जायचा. १९४९ साली एका ग्रॅमची किंमत होती २०० डॉलर. रोजचा डोस १०० मिलिग्रॅम धरा आणि महिन्याचा खर्च तुम्हीच काढा.

एवढ्या पायऱ्या का, ते समजायला हवं. प्रत्येक स्टेरॉईडचा सांगाडा १७ कार्बन अणूंचा असतो, एकमेकींना चिकटलेल्या चार कड्यांसारखा. चाळीतल्या खोल्यांसारखे या अणूंना नंबर दिलेत. कॉर्टिसोनमध्ये ऑक्सिजन हवा ११ नंबरच्या घरात. पित्तातल्या आम्लात तो होता १२ नंबरला. म्हणजे फक्त शेजारच्या खोलीत हलवायचा! पण हे ११ नंबरचं घर भलतंच अडचणीचं. तिथे रसायनांची मात्रा सहजासहजी चालत नाही. जोर लावावा तर भलतीच घरं मोडतात.

अपजॉन कंपनीतल्या ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी वेगळा विचार केला. हे काम एखादा सूक्ष्मजीव करील का? त्यांनी बुरशीला प्रोजेस्टेरॉन नावाचं स्टेरॉईड खायला घातलं. ते तेव्हा स्वस्तात मिळू लागलं होतं, कारण रसेल मार्कर यांनी ते मेक्सिकोतल्या एका रानकंदापासून बनवलं होतं. (हा कंद आपल्या कोनफळाच्या भावकीतला, बरं का!) आणि १९५२ साली जाहीर झालं, की रायझोपस ॲर्‍हायझस या बुरशीनं ऑक्सिजन नेमका ११ नंबरच्या घरात नेऊन ठेवलाय. एका पायरीत! नंतर आपल्या पावावरच्या रायझोपस नायग्रिकन्सनं तर शंभरातले ८५ हून जास्त रेणू असे बदलून दिले. पुढच्या काही वर्षांत कॉर्टिसोनची किंमत पार कोसळली.

बुरशीनं हे केलं कसं? तिच्याकडे विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, एक जोडगोळी असते. एकाचं नाव सायटोक्रोम पी-४५०. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, अगदी आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखा. दुसरं विकर त्याला इलेक्ट्रॉन आणून पुरवतं. त्या बळावर लोखंड हवेतला ऑक्सिजनचा रेणू फोडतं. त्यातला एक अणू स्टेरॉईडवर बसतो आणि दुसऱ्याचं पाणी होतं. पण नेमकं ११ नंबरलाच का? कारण विकराच्या खोबणीत स्टेरॉईड एकाच पद्धतीनं बसतं, कुलपात किल्ली बसते तसं. मग ११ नंबरचं घर बरोबर लोखंडासमोर येतं. बिचाऱ्या बुरशीला आपला संधिवात थोडाच ठाऊक असणार! प्रोजेस्टेरॉन तिला त्रासदायक असतं. ऑक्सिजन चिकटला, की ते पाण्यात जास्त विरघळतं आणि बाहेर टाकायला सोपं जातं, असं मानतात.

पुढे इतर सूक्ष्मजीवही कामाला लागले. १९५५ साली एका जिवाणूनं १ आणि २ नंबरच्या घरांमध्ये दुहेरी बंध घातला आणि कॉर्टिसोनचं प्रेडनिसोन झालं, जवळजवळ पाचपट जोरकस! डेक्सामेथासोन हे त्याच घराण्यातलं. २०२० साली कोरोनाच्या अत्यवस्थ रुग्णांचे प्राण त्यानं वाचवले.

मात्र स्टेरॉईडं शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात आणि रक्तातली साखर वाढवतात. २०२१ साली दुसऱ्या लाटेत आपल्या महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस पसरला, तो आठवतो का आई-बाबांना विचारा. मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉईडं जास्त दिली गेलेल्या कित्येक रुग्णांना त्यानं गाठलं. काहींचा डोळा काढावा लागला. भारतात या आजाराला बहुतेक वेळा कारण ठरणारी बुरशी कोणती माहीत आहे? रायझोपस ॲर्‍हायझस. हो, तीच, १९५२ सालची!

घाबरू मात्र नका. तिचे बीजाणू हवेत असतातच आणि आपण ते श्वासातून घेतही असतो. निरोगी शरीर त्यांना गुपचूप संपवून टाकतं. हे वाचता वाचता तुमच्याही नाकात एखाद-दुसरा गेला असेल.