फाटकाबाहेर गेलेला टँकर

उधारी वहीत चढवली नाही म्हणून ती फिटत नाही, हे व्यापारी घरात लहान वयातच शिकवले जाते. कारखान्यातून निघणाऱ्या सांडपाण्याला आणि रासायनिक गाळाला हाच हिशेब लागू पडतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात ज्या कुटुंबांचे रंग, रसायने किंवा कापडप्रक्रियेचे उद्योग आहेत, त्यांनी ही उधारी आपल्याकडे कोण सांभाळतो हे एकदा पाहावे. पुष्कळ ठिकाणी ती कोणीच सांभाळत नाही. नोटीस आली की मात्र सारे कागद कंपनीच्या विधी अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतात.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडण्यात आले. त्यातून उठलेल्या वायूने काठच्या वस्तीतील शेकडो रहिवासी गुदमरले आणि त्यांना रुग्णालयांत हलवावे लागले. अशा घटनेत पहिला प्रश्न टँकर कोणाचा असा विचारला जातो. कायदा त्यापुढे दुसराही प्रश्न विचारतो : टँकरमधला माल कोणाच्या कारखान्यातून निघाला?

घातक टाकाऊ पदार्थांविषयीचे २०१६ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. असा माल कारखान्यात सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. तो अधिकृत केंद्राकडेच पाठवावा लागतो. या परिसरासाठी तळोजे येथे सामायिक केंद्र आहे. प्रत्येक खेपेबरोबर मॅनिफेस्ट नावाचा कागद जातो आणि माल पोहोचल्याची सही असलेली त्याची प्रत पाठवणाऱ्याकडे परत येते. पर्यावरणाची वा त्रयस्थाची हानी झाल्यास वाहतूकदाराबरोबर माल निर्माण करणाऱ्यावरही जबाबदारी येते. व्यापाऱ्याला बिल्टीची सवय असते. विकलेल्या मालाची बिल्टी तो जिवापाड जपतो. टाकून दिलेल्या मालाची बिल्टी जपण्याची सवय मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही.

समजा, डोंबिवलीच्या फेज दोनमध्ये एक घरची कंपनी आहे. कारखाना काका पाहतात आणि एलएल.बी. झालेली पुतणी विधी विभाग सांभाळते. एक टँकरवाला तळोज्याच्या निम्म्या खर्चात गाळ उचलून नेतो. पुतणी विचारते, "काका, यांच्या पोचपावत्या कुठे आहेत?" काका म्हणतात, "अगं, इतकी वर्षे हाच माणूस नेतो आहे. पावतीवाचून कधी काही अडले का?" अडलेले नसते, हे खरेच. पण वाचलेला निम्मा खर्च कोणाच्या खात्यावर नावे पडला, हे कोणी विचारलेले नसते.

येथे त्या मुलीची खरी परीक्षा असते. पगारी वकील असला तर त्याला नोकरीची चिंता. घरचीच मुलगी असली तर वडीलधाऱ्यांचा मान. म्हणून पुष्कळदा आक्षेप तोंडी घेतला जातो आणि चहाबरोबर विरून जातो. वास्तविक तो आक्षेप काकांच्याच हिताचा असतो. जल अधिनियम, १९७४ प्रमाणे कंपनीच्या अपराधासाठी कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी धरली जाऊ शकते. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे त्या व्यक्तीने सिद्ध करावे लागते. दक्षता सिद्ध होते ती कागदाने. विधी विभागाने वेळीच लिहिलेली आणि मालकाने मानलेली टिप्पणी हा त्यातला पहिला कागद होय.

हीच गोष्ट संमतीपत्राची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र चौकटीत बसवून कार्यालयाच्या भिंतीवर लावले जाते. त्याच्या अटी क्वचितच वाचल्या जातात. बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्राप्रमाणे त्यातही कोणते उत्पादन, किती प्रमाणात, कोणत्या अटींवर हे लिहिलेले असते. बाजारात मागणी आली म्हणून नवे रसायन बनवायला घेतले आणि वकिलाला ते सहा महिन्यांनी कळले, तर त्या सहा महिन्यांचे उत्पादन संमतीवाचून झालेले असते. डोंबिवली औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ च्या स्फोटात १२ जणांचे प्राण गेले. २३ मे २०२४ रोजी पुन्हा तसाच भीषण स्फोट झाला. काचा आसपासच्या घरांच्याही फुटल्या. कारखान्यात कोणता पदार्थ किती साठला आहे, ही बाब शेजाऱ्यांच्याही जिवाची असते. अशा शेजाऱ्यांना त्वरित साहाय्य मिळावे म्हणूनच १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. ती पॉलिसी चालू आहे का, हे विधी अधिकाऱ्याने स्वतः पाहावे.

आपण लहान, आपले सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जाते, तेव्हा पुढचे ते पाहतील, असाही एक समज आहे. उल्हास नदीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात 'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये सामायिक केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. सामायिक केंद्र हे सभासद उद्योगांच्याच वर्गणीवर चालते, हे लक्षात घेतले म्हणजे असा भार शेवटी कोणाकडे वळतो ते सांगावे लागत नाही. भरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. म्हणजे जुनी पावतीही रद्दीत घालण्याजोगी नसते. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : रीतसर नियम केल्यानंतर प्रदूषण मंडळे स्वतः भरपाई आकारू शकतात आणि संभाव्य हानीसाठी आधीच बँक गॅरंटीही मागू शकतात. गॅरंटी वटवली गेली की रक्कम कंपनीच्या खात्यातून जाते आणि बँकेतली पत त्याच दिवशी उतरते.

तेव्हा घरोघरच्या कारखानदारांनी तीन गोष्टी कराव्यात. टाकाऊ माल उचलण्याचा कोणताही करार विधी विभागाच्या सहीवाचून होऊ देऊ नये. नवे उत्पादन वा वाढीव क्षमता ठरवताना खरेदी-विक्रीच्या माणसांबरोबर वकिलालाही बैठकीस बसवावे. आणि दर महिन्याला हिशेब मिटवताना गेलेल्या खेपा व आलेल्या पोचपावत्या यांचा मेळ घालावा. जेथे मेळ बसणार नाही, तेथे त्याच दिवशी विचारणा करावी.

रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद न करणारी घराणी आजही आहेत. त्यांच्या कारखान्यातून गेलेला शेवटचा टँकर कोठे रिकामा झाला, हे त्या रोजमेळात लिहिलेले असावे.