म्हैस, म्हशीला आणि ‘द’

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ‘ॲन’ कधी वापरायचं? उत्तर तयार : ‘ए, ई, आय, ओ, यूच्या आधी’. आणि ‘द’? ‘सूर्य, चंद्र, नद्या, पर्वतरांगा, धर्मग्रंथ आणि वर्तमानपत्रं यांच्या आधी’. पैकीच्या पैकी मार्क!

आता त्याच माणसाला सांगा, बाबा रे, काल हापिसात काय झालं ते चार ओळींत इंग्रजीत लिही. त्या चार ओळींत ना सूर्य येतो, ना चंद्र, ना हिमालय. येतात सर्व्हर, फाइल, क्लायंट आणि मीटिंग. त्यांच्या आधी काय लावायचं हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. मग जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतो. भित्रे काहीच लावत नाहीत, शूर लोक सगळ्यालाच ‘द’ लावतात. अगदी पुण्यालासुद्धा.

यावर नेहमीचं निदान असं की मराठी मुलांना डिटर्मिनर ‘जमतच नाहीत’, कारण आपल्या भाषेत ते नाहीतच. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आपल्या पोरांना डिटर्मिनरचं मर्म पाचव्या वर्षीच येत असतं. शाळा फक्त ते त्यांना कळू देत नाही.

आधी डिटर्मिनर म्हणजे काय ते बघू. नामाच्या आधी बसणारे हे चिल्लर शब्द : अ, ॲन, द, धिस, दॅट, माय, सम, एनी, फ्यू, एव्हरी वगैरे. पैकी अ, ॲन आणि द यांना आपल्या पुस्तकात ‘उपपद’ म्हणतात. या सगळ्यांचं काम एकच. नामाकडे बोट दाखवून सांगायचं, कुठला, किती, कुणाचा. आणि ‘अ’ की ‘द’ हा प्रश्न तर एवढाच आहे : मी कुठल्याबद्दल बोलतोय हे समोरच्याला माहीत आहे का?

मी श्रीगोंद्याचा. शेख महंमद महाराजांचं गाव, आजूबाजूला ऊस आणि लिंबाच्या बागा, आणि तालुक्यातच काष्टीचा गुरांचा बाजार. तर आमच्याकडची दोन वाक्यं घ्या.

नाना म्हैस शोधतायत.
नाना म्हशीला शोधतायत.

पहिलं ऐकून आमच्याकडचा माणूस विचारेल, ‘कितीपर्यंतची बघताय?’ दुसरं ऐकून विचारेल, ‘कधी सुटली?’ पहिल्यात नानांना म्हैस विकत घ्यायचीय, कुठलीही चांगली दुभती चालेल. दुसऱ्यात नानांची ठरावीक म्हैस दावं तोडून पळालीय. इंग्रजीत पहिली ‘अ बफलो’, दुसरी ‘द बफलो’. मराठीत हा सगळा फरक एका ‘ला’ने केला. शहरी उदाहरण हवं असेल तर : ‘कंपनी मॅनेजर शोधतेय’ आणि ‘कंपनी मॅनेजरला शोधतेय’. पहिल्यात नोकरीची जाहिरात आहे, दुसऱ्यात बहुतेक पोलीस :-)

बरं, ‘ला’ फक्त माणसांना आणि जनावरांना चांगला चालतो, हे मान्य. पण आपल्याकडे इतर हत्यारंही आहेत. गोष्ट सांगताना आजी काय म्हणते? एका गावात एक म्हातारी होती. त्या म्हातारीकडे एक कोंबडा होता. तो कोंबडा रोज भांडायचा. पहिल्यांदा आला की ‘एक’, ओळख झाली की ‘तो’. पहिल्यांदा ‘अ’, मग ‘द’. कुठल्या पोराने आजीला विचारलंय, की आजी, दुसऱ्या वाक्यात ‘एक’ का नाही म्हणालीस? किंवा ‘थोडीच लिंबं राहिलीत’ आणि ‘थोडीफार लिंबं राहिलीत’ घ्या. पहिल्यात रडगाणं आहे, दुसऱ्यात दिलासा. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यातला फरक हाच, ज्यावर व्याकरणाच्या पुस्तकात अख्खं पान खर्ची पडतं.

गंमत म्हणजे इंग्रजीनेही हे दोन शब्द असेच मिळवलेत. ‘ॲन’ म्हणजे मुळात ‘एक’, जुन्या इंग्रजीतला ‘वन’चाच पूर्वज. ‘द’ हा ‘दॅट’च्या घरातला, म्हणजे आपला ‘तो’. वापरून वापरून झिजले आणि उपपदं झाली. म्हणजे मूळ रूप ‘ॲन’ आहे, आणि व्यंजनाच्या आधी त्याचा ‘न’ गळून ‘अ’ उरला. शाळेत शिकवतात ते बरोबर उलटं. या ‘न’च्या ओढाताणीत काही शब्दांचीही मोडतोड झाली. क्रिकेटचा ‘अम्पायर’ मुळात ‘न’ने सुरू होणारा शब्द, तो ‘न’ उपपदाने पळवला. आणि हा सगळा मामला उच्चाराचा आहे, अक्षराचा नाही. म्हणून ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’. एसक्यूएलला तुम्ही ‘एस-क्यू-एल’ म्हणत असाल तर ‘ॲन’, ‘सीक्वेल’ म्हणत असाल तर ‘अ’. ‘ए, ई, आय, ओ, यू’ हा पाठ केलेला नियम इथे तोंडावर आपटतो.

आता मूळ भांडण. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. आणि या दहा वर्षांत उपपदं शिकवायची आपली पद्धत कोणती? रिकाम्या जागा भरा. ‘आय सॉ डॅश डॉग.’ कुठला कुत्रा? आधी त्याचा विषय निघाला होता का? ऐकणारा कोण? हे काहीच माहीत नाही, आणि उत्तर मात्र एकच बरोबर! ‘अ’ आणि ‘द’ दोन्ही बरोबर असू शकतात, पण तसं लिहिणाऱ्याचा मार्क गेला. जो शब्द संदर्भावरच जगतो, तो संदर्भाबाहेर काढून विचारायचा, हे म्हणजे पोहायची परीक्षा बाकावर बसवून घेण्यासारखं आहे. मग पोरं कसला तरी नियम शोधतात. नियम म्हणजे यादी, यादी म्हणजे सूर्य-चंद्र. सूर्याला ‘द’ का? तर आपल्या सगळ्यांचा सूर्य एकच, त्यामुळे कुठला असा प्रश्नच उरत नाही. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर अर्ध्या यादीची गरज उरली नसती.

यादी पूर्ण फेकून द्या असंही मी म्हणत नाही. भीमेला ‘द’ लागतो आणि श्रीगोंद्याला लागत नाही, याला रूढीपलीकडे फारसं कारण नाही. ब्रिटिश माणूस आजारी पडला की ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. ‘इन्फॉर्मेशन’ आणि ‘ॲडव्हाइस’ मोजत नाहीत, म्हणून त्यांना ‘ॲन’ लागत नाही. हे पाठच करावं लागतं. पण हा चार आण्यांचा भाग आहे. बारा आणे अर्थाचे आहेत, आणि ते आपण शिकवतच नाही.

‘अर्थ मराठीतून समजावा’ म्हटलं की काही लोकांच्या भुवया उंचावतात. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको म्हणे! अहो, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. त्या पद्धतीत बोलायचा सराव कमी होता हे खरं. पण ज्या घरात, ज्या एसटीत, ज्या बाजारात इंग्रजी कानावर पडत नाही, तिथल्या पोराकडून ‘ऐकून ऐकून आपोआप येईल’ अशी अपेक्षा धरणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी घरातल्या पोराला ‘द’ कानाने येतो. श्रीगोंद्याच्या पोराला तो डोक्याने यायला हवा, आणि त्या डोक्यात मराठी आहे.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. ‘जाऊ दे ना यार, समजतं ना? एका “द”ने काय होतंय?’ एका ‘द’ने काय होतं ते सांगतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २४२ मंजूर केला. इस्रायलने युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेशां’च्या आधी ‘द’ नाही. फ्रेंच मसुद्यात जे रूप आहे त्याचा अर्थ ‘त्या प्रदेशांतून’ असाही होतो. मग सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. आणि जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग जे बोलला, त्यात ‘मॅन’च्या आधीचा ‘अ’ ऐकू येत नाही. ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस, नुसता ‘मॅन’ म्हणजे मानवजात. आपल्याला ‘अ मॅन’च म्हणायचं होतं, असं नंतर तो सांगत राहिला.

चंद्र लांब राहिला, आपल्या धंद्यात या. आमच्या टीममध्ये एकाने तिकीट टाकलं, ‘युजर डिलीट्स फाइल, सर्व्हर क्रॅशेस’. कुठलीही फाइल की ती कालची? कुठलाही सर्व्हर की तो एकच? पलीकडच्या टीमने रात्री प्रश्न विचारला, आम्ही सकाळी वाचला, उत्तर दिलं तेव्हा ते झोपले होते. दोन दिवस गेले. लिहिणारा हुशार होता, बगही बरोबर पकडला होता. त्याने फक्त ‘कुठला’ हे सांगितलं नव्हतं.

‘हल्ली चॅटजीपीटी दुरुस्त करून देतं की!’ देतं ना. वाक्य अगदी गुळगुळीत करून देतं. पण तुमच्या डोक्यात कुठला सर्व्हर आहे हे त्याला कुठून कळणार? ते अंदाजाने ‘द’ टाकतं. पूर्वी वाक्य तुटकं दिसायचं, म्हणून वाचणारा निदान विचारायचा तरी. आता ते ठणठणीत दिसतं, म्हणून तो विचारतही नाही. ‘द’ निवडायची जबाबदारी शेवटी लिहिणाऱ्याचीच.

आणि तिसरी मंडळी, जी मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसून गालात हसते. समोरचा पोरगा ‘आय ॲम फ्रॉम द श्रीगोंदा’ म्हणाला की यांचा निर्णय झाला. त्याला डेटाबेस कळतो का, हे विचारायचं राहूनच जातं. या मंडळींसाठी एक माहिती. ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ या प्रकल्पात ६२० भाषा तपासल्या, त्यातल्या १९८ भाषांत ‘अ’सारखंही उपपद नाही आणि ‘द’सारखंही नाही. रशियनमध्ये नाही, संस्कृतात नव्हतं, लॅटिनमध्येही नव्हतं. त्या भाषांत विचार करणाऱ्यांचं काही अडलं नाही. जास्तीचा ‘द’ लावणाऱ्या पोराची बुद्धी कमी नाही, त्याला यादी दिली गेली आणि कारण दिलं गेलं नाही. त्याला नोकरी द्या, ‘द’ एका तासात शिकवता येतो.

एका तासात कसा? फळ्यावर नानांची दोन वाक्यं लिहा. मग प्रत्येक नामापाशी थांबून एकच प्रश्न : समोरच्याला कळलंय का, कुठला ते? कळलंय, तर ‘द’. कुठलाही एक चालेल, किंवा पहिल्यांदाच सांगतोय, तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. मोजायचीच गोष्ट नाही, किंवा सगळ्या जातीबद्दल बोलतोय, तर काहीच नको. शंभर रिकाम्या जागा भरण्यापेक्षा या एका तासाने जास्त काम होईल, अशी माझी पैज आहे. तुमच्यापैकी कुणी झेडपीच्या शाळेत शिक्षक असेल, किंवा घरात कुणी असेल, तर करून बघा आणि सांगा. आणि तुमच्या भागातल्या ‘म्हैस’-‘म्हशीला’सारख्या जोड्या असतील तर त्याही पाठवा. मला जमवायच्यात.